तीन नंबरच्या मशीनवरची तीन अक्षरं

व्हिडिओ गेमच्या मशीनमध्ये सगळ्यात आधी काय खराब होतं, असं विचारलं तर लोक म्हणतात पडदा. पडदा नाही. हातात धरायची जी दांडी असते, जॉयस्टिक, तिच्या बुडाशी एक स्प्रिंग असते. ती जाते. सीमाभागातल्या चिटगुप्प्यात मी पंधरा-सोळा वर्षं गेमचं पार्लर चालवलं आणि त्यात किती स्प्रिंगा बदलल्या याची मोजदाद नाही. बोटं काळी व्हायची, पाठ धरायची, आणि दोन महिन्यांनी तीच दांडी पुन्हा लुळी पडून समोर यायची.

एक मात्र होतं. दांडी उघडली की खेळणाऱ्याचा स्वभाव कळायचा. कुणी सगळी झीज उजवीकडे करून ठेवलेली, म्हणजे हा नुसता पुढं पळणारा. कुणाची चारी बाजूंनी सारखी, म्हणजे हा हिशेबी. आणि एखादी दांडी अशी निघायची की झीजच नाही. ती धरून ठेवणारा माणूस खेळत नव्हता, नुसता धरून उभा होता. असे गिऱ्हाईक मला सगळ्यात जास्त आले.

गेल्या दिवाळीला माझा पुतण्या हैदराबादहून आला. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं इंटरनेटवरचा एक लेख मला वाचून दाखवला. जुन्या व्हिडिओ गेममध्ये दडपलेली वासना कशी लपलेली आहे, यावर कुणा शहाण्यानं लिहिलेलं. बंदूक म्हणजे पुरुषपण. भुयार म्हणजे बाईचं अंग. तोंड उघडून ठिपके गिळत फिरणारा प्राणी म्हणजे कधीच न भागणारी भूक. मनोऱ्यावर कोंडून ठेवलेली बाई म्हणजे आणखी काहीतरी. समोर माझी बायको रुक्मिण तूर निवडत बसली होती, म्हणून पुतण्या मधले मधले शब्द गिळत होता.

"काय म्हणायलाय त्यो?" रुक्मिणनं विचारलं.

"म्हणायलाय की माझ्या दुकानात येणारे लोक आतून उपाशी हुते."

"मग चिवडा ठिवायचा हुता," ती म्हणाली आणि खडा बाजूला फेकला.

तेव्हा मी हसलो. पण पुतण्या गेल्यावर तो लेख डोक्यातून जाईना. लिहिणारा हुशार होता, पण त्यानं गेमकडं बघितलं होतं. खेळणाऱ्याकडं बघायला तो माझ्या दुकानात नव्हता. मी होतो. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' म्हटल्यावर मी हो म्हणालो. नाहीतर आता कशाचीच हौस उरलेली नाही.

आमचं घर मूळचं दुबलगुंडीचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांपासून रोजगार. मी टीव्ही दुरुस्ती शिकायला हैदराबादला गेलो आणि तिथं एका गेमच्या दुकानात लागलो. त्या दुकानात नवी मशीन आली तेव्हा मालकानं जुनी काढली. त्यातली पाच मी तुरीच्या रिकाम्या लॉरीत घालून चिटगुप्प्याला आणली. बसस्टँडच्या रस्त्यावर एक गाळा घेतला. तेव्हा आमच्याकडं एकेक नवं यायला लागलं होतं. केबल आली, एस.टी.डी. बूथ आले, पुडीतला शाम्पू आला. आणि माणसं जायला लागली होती, पुण्याला, भिवंडीला, हैदराबादला. जे गेले नाहीत ते माझ्याकडं यायचे, आणि गेलेले सणाला आले की तेही यायचे.

गेमची खरी नावं कुणालाच माहीत नव्हती. एक नंबरचं मशीन म्हणजे 'गाडी', दोन नंबर 'मारामारी', तीन नंबर 'शिडी', चार नंबर 'ठिपके', पाच नंबर 'इमान', म्हणजे विमान. तेवढं पुरायचं.

'गाडी'चा मालक म्हणजे महेबूब. मालक म्हणजे रोजचा गिऱ्हाईक. तो हुमनाबाद ते चिटगुप्पा काळी-पिवळी जीप चालवायचा. दिवसभर गाडी चालवून हा माणूस संध्याकाळी माझ्याकडं गाडीच चालवायला यायचा. त्या गेममध्ये उघड्या टपाची लाल गाडी असते आणि ड्रायव्हरच्या बाजूला एक बाई बसलेली असते, केस उडताहेत. गाडी ठोकली की दोघंही बाहेर फेकले जातात आणि बाई ह्याच्यावर डाफरते. सगळे ती गाडी सुसाट मारायचे. महेबूब एवढ्या सावकाश चालवायचा की मागून येणाऱ्या गाड्या त्याला ओलांडून जायच्या. घड्याळातला वेळ संपायचा, गेम संपायचा, पण बाई कधी खाली पडायची नाही.

मी एकदा विचारलं, "महेबूब, जीप तर कशी हाकतोस, मग हितं असं कामून करायलास?"

तो म्हणाला, "दिनभर अठरा जनां को बिठाके लाता अण्णा. बाजू में एक बी अपनी नै बैठती. यां बैठी है तो गिराऊँ क्या?"

दोन नंबरला मंठाळचा एक पैलवान यायचा. 'मारामारी'त आठ-दहा लढवय्यांमधून एक निवडायचा असतो. त्यात एक बाई होती, बाकी सगळे रानदांडगे. हा पैलवान दर वेळी बाई निवडायचा. का म्हटलं की "चपळ हाय" म्हणायचा. गंमत अशी की बाई निवडणारे सगळेच "चपळ हाय" म्हणायचे, जणू ठरवून आले होते. आणि तिला समोरून मार बसायला लागला की पैलवान तोंड फिरवायचा, त्यामुळं हमखास हरायचा.

वाचणारे हसतील, हसू द्या. पण ही माणसं ज्या घरांतून यायची तिथं थोरांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. बायको गावाकडं सासूजवळ आणि नवरा भिवंडीला दहा जणांच्या खोलीत, असे संसार घरोघर होते. बायकोचा हात धरायचा तर जत्रेतली गर्दी लागायची. त्या लेखातले मोठे शब्द यांतल्या कुणाला सांगितले असते तर त्यानं मला मारलं असतं. लाज वाटली असती म्हणून.

आता बिराजदार सरांकडं येतो. त्यांच्यासाठीच हे लिहायला बसलो. नावं मी बदलली आहेत, अक्षरंही बदलली आहेत.

सर हायस्कूलला गणित शिकवायचे. चाळिशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं नाही. तीन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं, असं गावात म्हणत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्यांदा आले तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "आमच्या शाळेची पोरं हितं येतात का, ते बघायला आलो." मी म्हटलं, "बघा की सर." त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला आले. आठवडाभर पोरं बघून झाल्यावर तीन नंबरच्या मशीनपुढं बसले, आणि मग तीन वर्षं शाळा सुटल्यापासून सहापर्यंत तिथंच बसले.

'शिडी'चा गेम सांगतो. एक राक्षस एका बाईला उचलून मनोऱ्याच्या टोकावर नेऊन बसतो. आपला माणूस खालून शिड्या चढत वर जातो, राक्षस वरून पिंपं सोडतो. ती चुकवत आपण वर पोचलो की बाईच्या शेजारी एक लाल बदाम उमटतो. उमटतो न उमटतो तोच फुटतो, राक्षस तिला पुढच्या मनोऱ्यावर नेतो, आणि आपण पुन्हा खाली. सरांनी एकदा विचारलं, "माणिक, ह्याला शेवट काय आहे?"

"शेवट न्हाई सर," मी सांगितलं. "ह्या जुन्या गेमाला शेवट नसतोच. आपुन हरलो की संपतंय, तेवढंच."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खेळायला लागले.

मला आधी वाटलं सरांना त्या गेमची गोडी आहे. एक दिवस झाडण्यासाठी मी मशीन थोडं तिरकं सरकवलं. सर आले, बसले, अस्वस्थ झाले, उठले, आणि दोन्ही हातांनी मशीन ढकलून पहिल्यासारखं केलं. ते गेल्यावर मी त्यांच्या जागी बसून बघितलं. मशीनच्या पडद्यापुढं एक काच असते. त्या काचेत रस्त्यापलीकडचं एस.टी.डी. बूथ दिसत होतं, आणि बूथमध्ये बसलेली कला.

तिला कला म्हणू. लिंगायत घरातली, तिशी ओलांडलेली. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत मुंबईकडं गेला तो परत आलाच नाही. पत्र नाही, फोन नाही. मेला असता तर तिचा पाट लावता आला असता, त्या घरात त्याला कुणी नाही म्हटलं नसतं. पण नवरा जिवंत आहे की नाही हेच कुणी सांगेना, म्हणून ती ना सवाष्ण ना विधवा. तिचा दीर शरणप्पा, अडतीचा व्यापारी. त्यानं तिला बूथ काढून दिलं, दारावर इंग्रजीत मोठा बोर्ड लावला, KALA STD, आणि आपण उपकार केले असं तो गावभर सांगायचा. गावातल्या बायका पुण्या-मुंबईच्या नवऱ्यांशी बोलायला तिच्याकडं यायच्या. स्वतः कुणालाही फोन न करणारी ती एकटीच होती.

सर रस्त्याकडं पाठ करून बसायचे आणि काचेत तिला बघायचे. त्यामुळं पिंपं चुकवता येत नसत. मी त्यांच्यासाठी एक काम केलं. मशीनच्या बोर्डावर हरभऱ्याएवढे आठ खटके असतात, त्यांतले दोन फिरवले की खेळणाऱ्याला जास्त जीव मिळतात. सरांना सांगितलं नाही. त्यांना वाटायचं आपण सुधारायलोय.

आता त्या तीन अक्षरांचं. गेम संपल्यावर तुमचे गुण पहिल्या दहांत बसले तर मशीन तुम्हाला तुमचं नाव लिहायला सांगतं. तीनच अक्षरं, इंग्रजी. दांडीनं अक्षर शोधायचं आणि बटण दाबायचं. मग कुणी खेळत नसलं की ती दहा नावांची यादी पडद्यावर आपोआप येत राहते. पण जुन्या मशीनला स्मरण नसतं. वीज गेली की यादी पुसली जाते आणि कंपनीनं भरलेली मूळ अक्षरं परत येतात. चिटगुप्प्यात वीज रोज संध्याकाळी सहाला जायची.

सर रोज K, A, L लिहायचे.

एकदा वीज गेली तेव्हा ते तिथंच बसले होते. त्यांनी विचारलं, "वीज गेली की हे सगळं पुसलं जातं का रे?" मी म्हटलं, "जातंय सर." ते काळ्या पडद्याकडं बघत बसले. बराच वेळ बसले. मला त्यांची दया आली. मला वाटलं, ह्या माणसाला एक नाव लिहायला एवढी एकच जागा आहे आणि तीसुद्धा रोज पुसली जाते. आज वाटतं, पुसलं जातं म्हणूनच तर ते लिहीत होते. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. मशीन उघडून माणूस ओळखतो म्हणून मी जी फुशारकी वर मारली आहे, ती वाचणाऱ्यांनी ह्या ठिकाणी परत घ्यावी.

तिसऱ्या वर्षी सरांना दहावीचे पेपर तपासायला गुलबर्ग्याला दहा दिवस जायचं होतं. आदल्या दिवशी ते शाळा सुटायच्याही आधी आले आणि सहा वाजत येईपर्यंत उठले नाहीत. मी दिलेले जादा जीव होतेच. यादीत वरपासून खालपर्यंत दहाच्या दहा ओळी KAL झाल्या. वीज जायला पाच-दहा मिनिटं असताना ते पिशवी घेऊन बसला निघाले.

त्याच सकाळी माझं नवीन इन्व्हर्टर आलं होतं. लॉरीची बॅटरी जोडून मी ते तयार केलं होतं, दुकानातले दिवे आणि एक मशीन चालेल एवढं. कुठलं मशीन जोडायचं याचा मी विचारच केला नाही. सर यायच्या आधीच तीन नंबर जोडलं. सहाला वीज गेली, गाव काळं झालं आणि माझ्या दुकानात दहा ओळी तशाच उजळ राहिल्या. मी एवढा खूश झालो की घरी जाताना रुक्मिणसाठी खव्याचे पेढे घेतले. सर दहा दिवसांनी येतील, बघतील, आणि माझ्या हाताचं कसब त्यांना कळेल, असं मला वाटत होतं.

दहा दिवस मी ते मशीन रात्रीही बंद केलं नाही आणि ती यादी येत राहिली. 'शिडी' जुना गेम, दुसरं कुणी तो खेळत नव्हतं, त्यामुळं एकही ओळ हलली नाही. आणि समोर रस्त्यापलीकडं KALA हा बोर्ड. तो मी रोज बघत होतो, हेही रोज बघत होतो, पण दोन्ही एकत्र कधी बघितलं नाही.

ते बघितलं महेबूबनं. पण त्याच्या मनात वाईट काही आलंच नाही. त्या काळात जिकडं तिकडं जाहिराती झाल्या होत्या. भिंतीवर साबण, बसच्या पाठीवर तंबाखू. महेबूबला वाटलं, मी समोरच्या बूथची जाहिरात मशीनवर सोडली आहे. त्याला ती फार आवडली. त्यालाही आपल्या जीपचं नाव टाकायचं होतं. शेवटी दहाव्या दिवशी दुपारी तो बूथमध्ये गेला. शरणप्पा त्या वेळी तिथं बसला होता. महेबूब त्याला म्हणाला, "शेठ, गेम पे तुम्हारे बूथ की ऍड एकदम झकास आरी. मेरे को बी डालना है. किस से बात करना, अण्णा से क्या?"

हे मला त्यानंच नंतर रडत सांगितलं.

त्याच वेळी बिराजदार सर गुलबर्ग्याच्या बसमधून उतरून, पिशवी हातात, सरळ माझ्या दुकानात आले. यादी पडद्यावर होती. मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. सरांचा चेहरा पांढरा पडला.

"माणिक, हे अजून कसं काय आहे?"

"इन्व्हर्टर सर. तुमच्यासाठी लावलंय. आता कवाच पुसणार न्हाई."

"बंद कर," ते म्हणाले. "आधी बंद कर."

मी खाली वाकलो, तेवढ्यात दारातून शरणप्पा ओरडला, "हात लावू नको!"

तो आत आला. त्याच्यामागं महेबूब. रस्त्यावरचे चार लोक दाराशी गोळा झाले. त्यांच्यात, पायरीपाशी, कला उभी होती. शरणप्पानं यादी वरून खाली बोट फिरवत वाचली. मग मला म्हणाला, "हे काय हाय?"

"कंपनीची अक्षरं हायत शेठ. मशीनमदी पयल्यापासून असतेत."

मला वाटलं सुटलो. पण महेबूबला मदत करायची होती. तो म्हणाला, "नै नै शेठ, कंपनी का अलग रहता. लाईट बंद करके चालू करो, मालूम पडता."

शरणप्पा म्हणाला, "कर बंद. चालू कर. बघू."

मी हललो नाही. मशीन बंद केलं असतं तर तेच माझ्याविरुद्ध बोललं असतं. आयुष्यभर ज्यांना दुरुस्त केलं त्यांतलं एकही त्या वेळी माझ्या बाजूनं उभं राहणार नव्हतं. मी सरकून पडद्यासमोर उभा राहिलो, यादी पाठीमागं झाकून. सर माझ्या मागं, मशीनच्या बाजूला, पिशवी धरून उभे. माझी त्यांच्याकडं पाठ. समोर शरणप्पा आणि त्याच्या खांद्यावरून पायरीवरची कला.

"मग कोण लिहिलं?" शरणप्पानं विचारलं. "नाव सांग त्याचं. आमच्या घरची बाई हाय ती."

माझ्या मनात एकच आलं. सरांची नोकरी जाईल. मास्तर माणूस, गावात तोंड दाखवता येणार नाही. मी काय, गेमवाला, माझी काय अब्रू.

"मी," मी म्हणालो. "मी लिहिलंय."

शरणप्पानं मला मारलं. एकदाच, पण सगळ्यांसमोर. कलानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, आणि वळून रस्ता ओलांडून गेली. तिनं बूथचं शटर ओढल्याचा आवाज आला. मी मशीन बंद केलं. सर निघून गेले. जाताना त्यांनी माझा दंड दाबला. मी ते आभार समजलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. शरणप्पानं बूथ काढून घेतलं आणि आठ-दहा दिवसांत कलाला घराबाहेर काढलं. ती गुलबर्ग्याला मावशीकडं गेली म्हणे. सरांनी वर्षाच्या आत बदली करून घेतली. रुक्मिणनं मला एकदाच विचारलं, "खरं सांगा, तुम्ही लिहिलाव का?" मी हो म्हणालो. सरांचं नाव तिला सांगितलं असतं तर गावभर गेलं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला एवढं इंग्रजी कवा आलं?" म्हणजे तिचा विश्वास बसला नव्हता. तरी माझा डबा दुकानात आणून द्यायचं तिनं त्या दिवसापासून बंद केलं. नंतर वर्षानुवर्षं "अक्षरवाला माणिक" हे नाव माझ्या पाठीमागं लागलं. पार्लरला उतरती कळा लागली, मोबाईल आले, मशीनची लाकडं वाळवीनं खाल्ली आणि एक दिवस भंगारवाला पाचही घेऊन गेला. मी मोबाईल दुरुस्तीकडं वळलो, मग नजर कमी झाली, तेही सोडलं.

या सगळ्या काळात मला एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो मी कुणाला दाखवला नाही. मार खाल्ला, नाव घालवलं, पण दोन माणसं वाचवली. थकून घरी आलो आणि रुक्मिण तोंड फिरवून बसलेली दिसली की मी मनात हेच म्हणायचो आणि जेवायला बसायचो.

गेल्या वर्षी रुक्मिणच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गुलबर्ग्याला गेलो होतो. ती दवाखान्यात झोपली होती. मी जेवायला बाहेर पडलो आणि एका घरगुती खानावळीत शिरलो. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. वाढणारी बाई माझ्याकडं दोनदा बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "माणिकअण्णा की हो तुम्ही?"

कला. केस पांढरे झालेले, अंगानं भरलेली. खानावळ तिचीच. तिनं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, समोर बाकावर बसली. इकडचं तिकडचं झालं. नवरा शेवटपर्यंत आला नाही, ती एकटीच आहे, हाताखाली दोन बाया आहेत. मग तिनं विचारलं.

"त्या दिशी तुम्ही कामून बोललाव अण्णा?"

"तुमचं नाव वाचावं म्हणून," मी म्हणालो. "आन सरांची नोकरी."

"माजं नाव कुटं वाचलं?" ती हसली. "मला ठावं होतं की कोण लिहिलंय. तीन वर्सं मी त्यांची पाठ बघत हुते. माणूस एवढा ताठ बसून गेम खेळतोय व्हय? ते काचंतून बघायचे, मी बी बघायची. कळत हुतं मला."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"शरणप्पा इचारला, कोण लिहिलं. तवा तुम्ही म्होरं हुबे होताव. तुमची पाठ होती त्यांच्याकडं, तुम्हाला दिसलं न्हाई. मला दिसलं. त्यांनी पिशवी खाली ठिवली, माझ्याकडं बघितलं आन तोंड उघडलं. बोलायलेच होते. तेवढ्यात तुम्ही 'मी' म्हणलाव." तिनं पदरानं टेबल पुसलं, पुसायला काही नव्हतं तरी. "माझा एक पाय पायरीवर होता अण्णा. ते बोलले असते तर मी दुसरा आत टाकले असते. मग काय व्हायचं ते हू दे म्हणलं होतं मनात."

"मग नंतर..."

"नंतर आठ दिस वाट बघितलं. आले न्हाईत. एकदा तोंड मिटलं की परत उघडायला लई जड जातंय."

तिनं मला आणखी भाकरी वाढली. मी खाल्ली. दवाखान्यात परत आलो तेव्हा रुक्मिणच्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळं माझं तोंड तिला दिसलं नाही. तिथं स्टुलावर बसून मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता त्यांना बी सांगा."

मी सांगितलं नाही. वर्ष झालं. बिराजदार सर निवृत्त होऊन हुमनाबादला बहिणीकडं राहतात. लग्न केलं नाही. बाजारात भेटतात, चहा पाजतात, आणि दर वेळी माझा दंड दाबतात. त्यांच्या मनातलं मला आता कळतं. त्यांना वाटतं की त्यांच्या भित्रेपणापायी मी मार खाल्ला. ते भित्रे नव्हते हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांचं तोंड मी बंद केलं हे सांगायचं. एका चहात ते माझ्यानं होत नाही.

हा अंक त्यांच्याकडं वर्गणीनं येतो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, चुका काढतात. म्हणून लिहिलं.

सर, तुम्ही पिशवी खाली ठेवली होती, हे तिनं बघितलं. खानावळ मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, डाव्या हाताला. दुपारी दोननंतर गर्दी नसते.